२९ आठवड्यांचं बाळ एनआयसीयूतून घरी येणार. पावसाळा, चुलीचं घर, जाणारी-येणारी लाईट. तयारी काय करायची?

बाळाची_आत्या (खानापूर तालुका)

भावाचं बाळ २९ आठवड्यांना झालं, जन्मवजन १०८० ग्रॅम. तेव्हापासून बेळगावात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. आता ३७ आठवडे भरलेत, वजन १८५० ग्रॅम. ऑक्सिजन सुटलाय, दूध बोंडल्यानं घेतं, थोडं अंगावरही ओढतं. याच आठवड्यात सोडतो म्हणालेत.

घर जांबोटीच्या पुढं. कौलारू, सोपा-माजघर, मागं चूल. पाऊस लागलाय, कपडे वाळत नाहीत, लाईटचा भरवसा नाही. वहिनीचं माहेर चंदगड तालुक्यात, तिकडं न्यावं की इथंच ठेवावं हेही ठरायचंय.

विचारायचं ते असं. आज्जींचं म्हणणं, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि संध्याकाळची धुरी हवीच. नाहीतर एवढंसं बाळ गारठेल. मग ऊब द्यायची कशी? दूध किती द्यायचं आणि पुरतंय हे कसं कळायचं? थेंबांच्या चार बाटल्या लिहून दिल्यात, त्यात चूक होईल अशी भीती आहे. आणि फाईलवर डोळे-कान तपासायच्या तारखा आहेत. या पावसात परत परत बेळगावला न्यायलाच हवं का? बाळ जरा बाळसं धरल्यावर नेलं तर चालणार नाही का?

सिस्टर_बालविभाग

ताई, आधी शेगडीचं सांगते. नको. दार उघडं ठेवून नको, कोपऱ्यात लांब ठेवून नको, आणि विझत आलेल्या निखाऱ्यांची तर मुळीच नको. धूर दिसत नसला तरी धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हे बाळ बरेच दिवस ऑक्सिजनवर होतं, त्याच्या श्वासनळ्या बारीक आणि नाजूक आहेत. साध्या धुरीनंही सुजतात. धुरी, उदबत्ती, डासांची कॉइल आणि बिडी-सिगारेट, चारही बंद. बाहेर ओढून आलेल्या माणसाच्या सदऱ्यालाही धूर चिकटलेला असतो, त्यानं हात धुऊन सदरा बदलल्याशिवाय बाळ घ्यायचं नाही. चूल मागं आहे म्हणता, तर बाळाची खोली सोप्याच्या बाजूची निवडा आणि स्वयंपाकाच्या वेळी मधलं दार लावून घ्या.

पण आज्जींना नुसतं "नको" सांगून बाजूला बसवू नका. ऊब हवी हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ते काम त्यांच्याच अंगावर सोपवा. कांगारू पद्धतीत शेगडीच्या जागी माणसाची छाती येते. आई, बाप, आज्जी, आत्या, निरोगी असलेलं घरातलं कुणीही करू शकतं, आणि त्याला लाईट लागत नाही.

करायचं असं. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं, पायमोजे. आपला ब्लाउज किंवा सदरा पुढून उघडा. बाळ छातीच्या मधोमध उभं धरायचं, त्याची छाती आपल्या छातीला कातडीला कातडी लागून. डोकं एका कुशीला वळवलेलं आणि किंचित वर. हनुवटी त्याच्या छातीला टेकली की श्वासाची वाट दबते, हे पुन्हा पुन्हा बघायचं. पाय बेडकासारखे फाकवलेले, हात कोपरात दुमडलेले. मग मऊ सुती ओढणी किंवा जुन्या लुगड्याचा पट्टा कुल्ल्यांखालून घेऊन वरची कड बाळाच्या कानाच्या जरा खाली येईल इतकी बांधायची. पोटावर आवळायची नाही, श्वास पोटानंच चालतो. वरून शाल. पाठीला उशा देऊन रेलून बसायचं, सपाट आडवं व्हायचं नाही. एका वेळी निदान तासभर, कारण सारखं काढलं-ठेवलं की बाळाची शक्ती जाते. दिवसभरात सगळ्यांचे मिळून ८ तासांपेक्षा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनेत ८ ते २४ तास म्हटलंय. बाळ अडीच किलोचं होईपर्यंत, किंवा स्वतःच वळवळून बाहेर यायला बघेपर्यंत चालू ठेवा. छातीशी घेणाऱ्याला झोप येत असेल तर शेजारी दुसरं माणूस जागं हवं.

डिजिटल थर्मामीटर घेऊन ठेवा. काखेत, दंड अंगाशी दाबून धरून. ३६.५ ते ३७.५ सेल्सियस (फॅरनहाईटमध्ये ९७.७ ते ९९.५) बरोबर. मधल्या वेळी हाताच्या पाठीनं पोट आणि तळपाय बघा: दोन्ही ऊबदार असले तर ठीक. पोट ऊबदार पण पाय गार म्हणजे बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार म्हणजे आताच छातीशी घ्या, दूध पाजा, अर्ध्या तासानं परत मोजा. वर येत नसेल किंवा ३५.५ च्या खाली असेल तर दवाखाना. गारठलेलं बाळ अंगातली साखर जाळून ऊब धरतं, त्यामुळं गारठा आणि सुस्ती पाठोपाठ येतात आणि बाळ दूध ओढेनासं होतं.

गरम पाण्याची पिशवी अंगाजवळ नको, कातडी भाजते. कपडे चुलीवर वाळवू नका, धूर बसतो. घरात वाऱ्याला वाळवायचे आणि वापरायच्या आधी इस्त्री फिरवायची, दमटपणा निघतो. लाईट असेल तेव्हा लंगोटांची गठ्ठ्यानं इस्त्री करून कोरड्या डब्यात ठेवा. आंघोळ अडीच किलोपर्यंत नको, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं करायचं. खोबरेल तेल हलक्या हातानं चालतं, रगडायचं नाही. नाका-कानात तेल घालू नका, नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. काजळ नको. मध आणि बाळगुटी तर नकोच.

दुधाचं. साधारण किलोमागे दिवसाला १५० ते १८० मिली. १८५० ग्रॅमला १६० नं हिशेब केला तर दिवसाचे २९६ मिली. दर दोन तासांनी म्हणजे १२ वेळा, एका वेळी सुमारे २५ मिली. ही समजण्यासाठीची मांडणी. तुमच्या फाईलवर जो आकडा लिहिलाय तोच धरा, आणि वजन वाढलं की तो वाढवून घ्या. रात्री झोपलंय म्हणून वेळ चुकवू नका. हे बाळ भुकेनं रडून उठेलच असं नाही.

आधी अंगावर लावा, १५-२० मिनिटांत ते दमतं. मग काढलेलं दूध बोंडल्यानं. बोंडल्याचं टोक ओठाच्या कोपऱ्याशी टेकवायचं, घोट गिळला की पुढचा. घशात ओतायचं नाही. पाजताना ओठ निळसर झाले किंवा श्वास थांबला तर दूध थांबवा, बसतं धरा, रंग परत आल्यावरच पुढं. बाटली नको. काढलेलं दूध झाकून ४ तास बाहेर, फ्रिजमध्ये २४ तास. लाईट जाते म्हणता, तर बाहेरच्याच हिशेबानं चाला. गार दूध वाटीतल्या गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करा, उकळू नका.

पुरतंय का? दिवसात सहा तरी लंगोट ओले, आणि दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ, म्हणजे आठवड्याला साधारण दीडशे-दोनशे. अंगणवाडीतल्या टांगत्या काट्यावर १०० ग्रॅमच्या रेघा असतात, एवढ्या बाळाची वाढ त्यावर कळत नाही. ५ किंवा १० ग्रॅम दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, दर वेळी त्याच, उघड्या अंगानं, आठवड्यातून एकदा. रोज वजन करून घरच्यांचा जीव टांगणीला लावू नका.

मेडिकल_शहापूर

थेंबांबद्दल. सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून आकडे मांडून दाखवतो.

डॉक्टर मिलीग्रॅमच्या हिशेबानं ठरवतात आणि घरात मिली मोजले जातात. लोह किलोमागे २ मिलीग्रॅम धरलं तर १.८५ किलोला ३.७ मिलीग्रॅम. बाटलीत १ मिलीला १० मिलीग्रॅम लोह असेल तर ०.३७ मिली द्यायचं. दुसऱ्या कंपनीच्या बाटलीत १ मिलीला २५ असेल तर फक्त ०.१५ मिली. पहिली बाटली संपली, गावात ती मिळाली नाही, दुसरी आणली आणि "तेवढंच" दिलं, की डोस अडीच पट झाला. जास्त लोह बाळाला विषारी असतं. विटामिन डीचंही तसंच: ४०० युनिट हवे असतील तर एका बाटलीतून १ मिली, दुप्पट ताकदीच्या बाटलीतून अर्धा. त्यातून मल्टिविटामिनच्या थेंबांतही डी असतं, ते धरूनच डॉक्टरांनी हिशेब केलाय का हे विचारा.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच चारही बाटल्या विकत घेऊन वॉर्डात परत न्या. सिस्टरकडून प्रत्येक बाटलीवर मराठीत चिकटपट्टी लावून घ्या: नाव, किती मिली, किती वाजता, कुठल्या वजनापर्यंत. मोजायला १ मिलीची, सुई काढलेली सिरिंज. प्रत्येक औषधाला वेगळी, गरम पाण्यानं धुऊन. "१ मिली म्हणजे २० थेंब" यावर विसंबू नका, औषध किंवा ड्रॉपर बदलला की थेंब लहान-मोठा होतो. दोन बाटल्या पुढच्याच घेऊन ठेवा, म्हणजे पावसात अडकल्यावर कंपनी बदलायची वेळ येणार नाही. बदलावीच लागली तर लेबलचा फोटो वॉर्डात पाठवून नवा मिली विचारा.

लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको, मध्ये दोन तास ठेवा. एकत्र दिलं तर लोह नीट शोषलं जात नाही. औषध सगळ्या दुधात मिसळू नका. शेवटचे घोट राहिले तर औषधही राहिलं. आधी दोन चमचे दुधात देऊन मग उरलेलं पाजा. लोहानं शी काळपट होते, ते चालतं.

दुधात घालायची पावडर (फोर्टिफायर) लिहून दिली असेल तर पाकिटावर जितक्या मिलीला एक पाकीट लिहिलंय तितकंच काढलेलं दूध मोजून घ्या. दूध कमी निघालं म्हणून तेवढ्यातच अख्खं पाकीट घातलं की दूध दाट होऊन पोट फुगतं. पाजायच्या वेळीच मिसळायचं.

घाटावरचा

सिस्टरताईंना एक विचारतो. कणकुंबीकडं जुलैत भिंतींना पाणी सुटतं. शेगडी बाहेर पेटवून, निखारे लाल झाल्यावर, धूर गेल्यावर आत आणली तर? हीटरला लाईट कुठून आणायची?

सिस्टर_बालविभाग

लाल निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साईड निघतो, दादा. धूर गेला म्हणजे वायू गेला असं नाही. खोली तापवायचीच असेल तर बाळ दुसऱ्या खोलीत ठेवून तापवा, दार-खिडकी उघडून पूर्ण हवा खेळवा, शेगडी बाहेर काढा आणि मगच बाळ आणा. लाईट असेल तेव्हा तेलाचा हीटर, पाळण्यापासून निदान हातभर नव्हे, दीड-दोन हात लांब. खोलीचं तापमान २५ ते २८ मिळालं तर छान. नाही मिळालं तर छाती आहे. पाणी सुटलेल्या भिंतीला पाळणा टेकवू नका, खिडकीच्या फटी कापडानं बुजवा, पण वरचा झरोका मोकळा ठेवा.

आणि झोळी. साडीच्या झोळीत बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते. या वजनाला झोळी नको. पाठीवर, कडक सपाट गादीवर, उशीशिवाय. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी घालतात तीही नको.

डोळे_कान_वाढ

बाळसं धरल्यावर नेलं तर चालेल का, याचं उत्तर: डोळ्यांच्या बाबतीत चालणार नाही. हे नीट समजून घ्या, कारण यात गेलेली नजर परत येत नाही.

डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढतात आणि पूर्ण दिवस भरताना कडेला पोचतात. २९ आठवड्यांना जन्मलेल्याच्या अर्ध्या वाटेवर असतात. पुढं त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. याला आरओपी म्हणतात. आपल्याकडं ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमखाली जन्मलेल्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर चौथ्या आठवड्यात होते. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमखालचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तुमचं १०८० ग्रॅमचं, म्हणजे लवकरच्या गटातलं. फाईलमध्ये आधीच्या तपासण्यांचे कागद आहेत का ते बघा.

त्यापुढं एक-दोन आठवड्यांनी तपासत राहायचं, "वाहिन्या पूर्ण झाल्या" असं डॉक्टर लिहून देईपर्यंत. बाहेरून डोळ्यात काहीच दिसत नाही. बाहुली पांढरी दिसायला लागली म्हणजे फार उशीर झाला. उपचाराची वेळ आली तर लेसर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं, म्हणून पंधरा दिवस पुढं ढकलणं परवडत नाही. दर तपासणीला झोन (पडद्याचा कुठला भाग), स्टेज (आजार किती पुढं गेलाय) आणि "प्लस आहे की नाही" (वाहिन्या फुगून वेड्यावाकड्या झाल्यात का) हे तिन्ही लिहून घ्या. पुढची तारीख तोंडी नको, कागदावर. कर्नाटकात २००८ पासून किड्रॉप नावाच्या उपक्रमात बाळाच्या पडद्याचे फोटो जिल्ह्या-जिल्ह्यात काढून दूरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतात, तेव्हा तुमच्या वॉर्डात अशी सोय आहे का हे विचारा.

तपासणीच्या दिवशी: बाहुली मोठी करायच्या थेंबांना पाऊण-एक तास लागतो. तपासणीच्या आधीचा तासभर दूध नको, नाहीतर उलटी होते. लगेच नंतर पाजा. वाटेत बाळ छातीशी बांधून आणि चारचाकीनंच, दुचाकीवर नाही. मागच्या सीटवर, आणि हनुवटीकडं लक्ष.

कान. एनआयसीयूत ५ दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाला नुसती ओएई ही ऐकण्याची तपासणी पुरत नाही. ती कानाच्या आतलं यंत्र बघते, मेंदूकडं जाणारी नस नाही. त्या नसेसाठी बेरा ही दुसरी तपासणी लागते. बाळ झोपलेलं असावं लागतं, म्हणून पोटभर पाजून न्या. तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत.

वय दोन पद्धतीनं मोजा. ११ आठवडे लवकर आलंय, म्हणून वाढ बघताना ११ आठवडे वजा करायचे. जन्मापासून १७ आठवड्यांचं झालं की वाढीच्या हिशेबानं ६ आठवड्यांचं. हसू तेव्हा कुठं यायला लागतं. शेजारच्या चार महिन्यांच्या बाळाशी तुलना करू नका. पेज-खिमटीही या सुधारित वयानंच. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब चालतो.

लशींना मात्र हा हिशेब नाही. लस खऱ्या वयानं. बाळ आता आठ आठवड्यांचं आहे, म्हणजे सहा आठवड्यांच्या लशी लागू झाल्यात. वॉर्डात दिल्या की राहिल्या हे सुटायच्या आधी विचारा.

आशा_सुपरवायझर_सीमा

माहेर की सासर: जिथं छातीशी घ्यायला तीन माणसं आहेत, धूर नाही आणि रस्ता पावसात बंद होत नाही, तिथं. चंदगडहून तपासणीला कोल्हापूरपेक्षा बेळगावच जवळ पडतं, तेव्हा डॉक्टर बदलू नका. पण तिकडं गेलात तर दोन्हीकडच्या आशांना सांगा, नाहीतर इकडची म्हणते माहेरी गेलं आणि तिकडची म्हणते आमच्या यादीत नाही. ताई कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) कन्नडमध्ये असतं. लशींच्या पानाचा फोटो आणि डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स दोघींना द्या. लशींचं राष्ट्रीय वेळापत्रक दोन्ही राज्यांत एकच आहे.

सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण वर्षभरापर्यंत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. सरकारी दवाखान्यातून सुटत असाल तर घरी सोडायला नगु-मगु ही सरकारी गाडी मागा. सीमेवर फोन कधी पलीकडचा टॉवर पकडतो, म्हणून १०८ ला आधी राज्य, तालुका, गाव आणि मग बाकीचं सांगा.

बारशाची गर्दी पुढं ढकला. बघायला येणाऱ्यांनी सोप्यातूनच बघावं. सर्दी-खोकला असलेल्या लहान मुलांना आत सोडू नका.

बाळाची_आत्या (खानापूर तालुका)

आज्जी छातीशी घ्यायला तयार आहेत. आता एकच. रात्री श्वास अडकल्यासारखा वाटला तर काय करायचं? आणि कुठल्या लक्षणांवर सकाळची वाट बघायची नाही?

सिस्टर_बालविभाग

या बाळांचा श्वास पाच-दहा सेकंद थांबून परत भरभर चालतो; रंग गुलाबी असेल तर ते चालतं. २० सेकंद थांबला, किंवा कमी वेळ थांबला पण ओठ निळे पडले, तर ते वेगळं. तळपायाला टिचकी मारा, पाठ चोळा. गदगदा हलवू नका. मान सरळ करा, तोंडात दूध असेल तर कुशीवर करून पुसा. तरी श्वास नाही तर एकानं १०८ लावायचा. दुसऱ्यानं आपल्या तोंडानं बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही झाकून फक्त गालातली हवा फुंकायची, एक सेकंद, छाती वर येईल एवढीच. प्रतिसाद नसेल तर दोन बोटांनी छातीच्या मध्यावर ३० दाब, २ फुंका, असं चालू ठेवायचं. हे वाचून येत नाही. सुटायच्या आधी वॉर्डातल्या बाहुलीवर आई, बाप आणि आज्जी तिघांनीही करून बघा. श्वास परत आला तरी त्याच रात्री दवाखान्यात न्यायचंच.

सकाळची वाट बघायची नाही ती लक्षणं: दोन वेळा लागोपाठ दूध न घेणं, उठवूनही न उठणं, शांत असताना मिनिटाला ६० च्या वर श्वास (पूर्ण मिनिट मोजा), बरगड्यांखाली खड्डा पडणं, अंगाचं तापमान ३५.५ च्या खाली किंवा ३७.५ च्या वर, झटके, पोट फुगून हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, तळहात-तळपाय पिवळे. जांघेत फुगवटा दिसला आणि बाळ शांत असताना तो आत जात असेल तर दोन दिवसांत दाखवा, कमी दिवसांच्या बाळांत हर्निया बऱ्याचदा होतो. फुगवटा कडक, लाल झाला आणि बाळ रडत-ओकत असेल तर लगेच निघा, आणि निघताना छातीशी बांधूनच न्या, गाडीत वाटभर ऊब राहते.